बारकीने जिंकलेला वाद

इस्पितळात तिला सगळे सिस्टर म्हणत, गल्लीत ती सोफेवाल्यांची बायको होती, आणि बारकी म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, तिचा दादा. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, मुलगी लग्न होऊन दूरदेशी गेली, तरी दादाच्या तोंडी ती बारकीच. तिलाही ते आवडायचं. आईवडील गेले की आपल्याला लहान समजणारं सहसा कुणी राहत नाही. तिला निदान एक जण होता.

दर रविवारी दुपारी दादा तिच्याकडे जेवायला यायचा, आणि ताटं वाढेपर्यंत दोघांची जुंपलेली असायची. विषय ठरलेला. साध्या माणसाने घरात बंदूक ठेवावी की नाही, आणि ठेवली तर सरकारने त्यात किती नाक खुपसावं.

दादाची सगळी नोकरी बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवर गेली. गाडीचं दार उघडलं की पहिला हा खाली उतरायचा, बंदूक छातीशी आडवी धरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा, आणि शेवटची पेटी आत जाईपर्यंत जागचा हलायचा नाही. एवढ्या नोकरीत त्याने माणसावर एकदाही गोळी झाडली नव्हती. कुणाला बढतीचा नसेल एवढा त्याला ह्या गोष्टीचा अभिमान.

घरात रिव्हॉल्व्हर आलं ते मात्र वहिनीमुळे. दादाचं घर वस्तीच्या कडेला, रस्त्यावरच्या शेवटच्या दिव्याच्याही पलीकडे. एकदा तो कामावर असताना चोर शिरले. वहिनीने न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि तिथूनच पोलिसांना फोन केला. चोरांनी कपाटं उचकटली, गाद्या उलथल्या, ओट्यावरचं दूधसुद्धा प्यायले आणि निवांत निघून गेले. पोलीस यायला पुढे बराच वेळ लागला. वहिनीला ओरखडासुद्धा उठला नाही, पण त्यानंतर ती अंघोळ करताना कधी कडी लावू शकली नाही. दादाने परवाना काढला. पुढे वहिनी आजारपणात गेली, रिव्हॉल्व्हर राहिलं. ते एका कपाटात, गोळ्या दुसऱ्या कपाटात, आणि दोन्ही किल्ल्या दादाच्या गळ्यातल्या दोरीला.

बारकीने बंदुका पाहिल्या त्या दुसऱ्या टोकाने. इस्पितळाच्या अपघात विभागात ती इतकी वर्षं होती की नवे डॉक्टर आधी तिला विचारून मग रोग्याला हात लावत.

"घरफोड्या वाढल्यात की नाही, तेवढं सांग," दादा सुरू करायचा.

"वाढल्यात. पण खून कमी झालेत. ती बातमी नाही वाचत तू."

"लोकांनी हत्यारं घेतली म्हणून कमी झाले."

"कशावरून? रस्त्यावर दिवे आले, कॅमेरे लागले, दारूची दुकानं लवकर बंद व्हायला लागली. त्यातल्या कशाने कमी झाले, तुला काय माहीत?"

"तुला तरी काय माहीत?"

"मला एवढं माहीत आहे, माझ्या टेबलावर गोळी लागून जे येतात त्यांना चोराने क्वचितच मारलेलं असतं. नवऱ्याने मारलेली बायको येते. भावाने मारलेला भाऊ येतो. साफ करताना उडाली म्हणून एखादा येतो, आणि खरंच साफ करताना उडाली का, हे त्याची आई आम्हाला विचारू देत नाही."

"आणि बंदूक आहे म्हणून ज्यांच्या घरात कुणी शिरलंच नाही, ते येतात का तुझ्या टेबलावर? ते घरी चहा पीत असतात, बारके. त्यांना कोण मोजतं?"

ह्यावर तिला पटकन उत्तर सुचायचं नाही, आणि मग आठवडाभर ते शोधण्यात तिची करमणूक व्हायची. तिचा नवरा दोघांच्या मधे बसून मुकाट जेवायचा. त्याचं सोफे आणि खुर्च्या मढवायचं दुकान होतं. माणूस मूळचाच कमी बोलणारा. फारच आवाज चढले तर म्हणायचा, "मला पण एक परवाना काढून द्या. कानात बोळे घालायचा."

खरं सांगायचं तर त्या दोघा भावंडांना दुसरं काही बोलता येत नव्हतं. झोप लागते का, एकट्याने जेवण जातं का, वहिनीची आठवण येते का, असलं विचारायची त्यांच्या घराला सवयच नव्हती. त्याऐवजी दोघं एकमेकांना गुन्ह्यांचे आकडे फेकून मारायचे, आणि त्यात एकमेकांची ख्यालीखुशाली कळायची. दादाचा आवाज खणखणीत लागला की बारकी समजायची, ह्याचं बरं चाललंय.

मग एका सकाळी एक नवी नवरी अपघात विभागात आली. अंथरूण काढताना तिने नवऱ्याची उशी उचलली, खालचं पिस्तूल फरशीवर पडलं आणि उडालं. बारकीने तिचा हात धरला होता. पोरीने फक्त एवढंच विचारलं, "ह्यांना कुणी रागावणार तर नाही ना?" आणि दुपारच्या आत ती गेली.

त्या दिवसापासून बारकी रविवारच्या गप्पांवर थांबली नाही. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी पुढाकार घेऊन समिती काढली, आणि बारकी तिची मुख्य बोलणारी झाली. मागणी सरळ होती. घरात हत्यार असेल तर कुलपाचं लोखंडी कपाट हवं, गोळ्या वेगळ्या हव्यात, आणि साठी उलटलेल्या परवानेवाल्याने दरवर्षी डॉक्टरचा दाखला आणायचा की डोळे, हात आणि डोकं ठीक आहे. नगरपालिकेने त्यावर जाहीर सुनावणी ठेवली.

"कुलपाचं मान्य," दादा रविवारी म्हणाला. "मी ते आधीपासून करतोय. पण दाखला? काल आलेला डॉक्टर मला विचारणार, आजोबा, आज वार कुठला? आणि त्यावरून ठरवणार मी माझ्या घराची राखण करायची की नाही?"

"वार कुठला ते सांग की. त्यात एवढं काय?"

"सांगणार नाही. अपमान आहे तो."

तो विषय त्याने एवढ्यावरच तोडला. एरवी असा सोडून देणाऱ्यातला तो नव्हता.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात, एका दुपारी दादा अवचित आला. बारकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भाषण लिहीत होती. दादाच्या हातात कापडी पिशवी होती आणि अंगातला स्वेटर उलटा होता.

"काय रे, नवी फॅशन काय?" ती हसली.

त्याने खाली पाहिलं, पण स्वेटर बदलला नाही. पिशवी टेबलावर ठेवली. आत काहीतरी जड, टॉवेलात गुंडाळलेलं.

"हे ठेव जरा तुझ्याकडे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"ते."

बारकीने टॉवेलाचं टोक उचललं आणि खाली टाकलं. "दादा! हे माझ्याकडे कशाला?"

"उगाच. तिकडे जागा होत नाही." मग खुर्चीत बसत, गंमत सांगावी तसं तो म्हणाला, "परवा कपाटात नव्हतं. सगळं घर उलथंपालथं केलं. शेवटी सापडलं कुठे सांग. फ्रिजमध्ये. अंड्यांच्या शेजारी."

बारकीला हसू फुटलं. दादाही हसला. मग तो म्हणाला, "उघडून बघितलं तर भरलेलं होतं, बारके. मी कधी भरलं, मला आठवत नाही."

इस्पितळात कुणाच्या मुलाने, कुणाच्या सुनेने हे वाक्य तिला सांगितलं असतं तर ती हातातलं काम टाकून उठली असती. खुर्ची जवळ ओढून तिने विचारलं असतं, आणखी काय काय विसरतात, रस्ता चुकतात का, कपडे उलटे घालतात का. पण समोर दादा होता, आणि दादाशी बोलायची तिची रीत वेगळी होती. तिच्या मनात पहिलं काही आलं असेल तर ते हे की आपण जिंकलो.

"म्हणजे पटलं तर तुला!" ती म्हणाली.

"काय पटलं?"

"हेच तर सांगतेय मी इतके दिवस! तुझ्यासारख्या माणसाकडून असं होतं, तर बाकीच्यांचं काय? दादा, तू हे सुनावणीत सांग. माझ्या भाषणापेक्षा तुझी दोन वाक्यं पुरेत. सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"मी सुनावणीसाठी नाही आलो."

"अरे पण..."

"हे तू ठेवणार का, एवढंच विचारतोय."

"मला नियमाने ठेवता येत नाही. परवाना तुझ्या नावावर आहे. पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. साधा अर्ज असतो, अर्ध्या तासाचं काम."

"ठाण्यातल्या निम्म्या पोरांना भरतीच्या आधी मीच नेम धरायला शिकवलंय. त्यांना काय सांगू? आजोबांना आठवत नाही म्हणून?"

"त्यात लाज कसली?"

बारकी उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. तिची पाठ त्याच्याकडे होती आणि ती बोलतच होती. हट्टीपणा, वय, नियम, ती पोरगी, उशी. वळून बघते तर दादा पिशवी उचलून दारात उभा.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"नाही रे. पण ते नेतोस कुठे? चहा तरी घे."

"जागा सापडली," म्हणाला आणि गेला. ती चपला घालून त्याच्या मागे जाऊ शकली असती. ठाणं दोन रस्ते सोडून होतं. तिने गॅस बंद केला आणि पुन्हा भाषण लिहायला बसली, कारण सगळा विषय आता तिच्या डोक्यात ताजा होता.

सुनावणीला नगरपालिकेचं सभागृह गच्च भरलं होतं. आधी हत्यारांच्या दुकानाचा मालक बोलला, त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. मग एक शाळेतली शिपाईण बोलली. तिचं घर आडबाजूला, सोडून दिलेला नवरा अधूनमधून दार ठोठावायला यायचा. "तुमचे सगळे कागद गोळा करेपर्यंत तो मला जिवंत ठेवेल का?" असं तिने विचारलं तेव्हा बारकीलाही कसंतरी झालं. आणि मग दादा उठला.

तो येणार आहे हे तिला माहीत नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. भाषण त्याने केलंच नाही, रविवारच्या जेवणाला बसल्यासारखा बोलला. "मोजदाद करता ती कोण मेलं त्याची करता. कोण वाचलं, ते कुठे लिहून ठेवता?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी त्याने उजवा हात सरळ पुढे धरला. "हा बघा. हलतोय? ह्याला डॉक्टरचा दाखला लागतो?" हात खरंच हलत नव्हता. टाळ्या थांबेनात. कुणीतरी शिट्टी मारली.

लगेच पुढे बारकीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली तेव्हा सभागृह अजून दादाचंच होतं. तिने पोरीची गोष्ट सुरू केली, पण मागे कुजबुज चालू होती, कुणी नीट ऐकत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या रांगेतून तिच्याकडे काळजीने बघत होत्या. बारकीने दादाकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून बसला होता आणि रविवारी तिला उत्तर सुचलं नाही की जसा हसायचा तसा तिच्याकडे बघून हसत होता. बोल, बारके, आता काय?

आणि ती बोलली.

"ज्यांनी आत्ता हात दाखवला ते माझे सख्खे भाऊ आहेत," ती म्हणाली. "हात नाही हलत त्यांचा. पण त्यांना विचारा, त्यांचं रिव्हॉल्व्हर मागे कुठे सापडलं. फ्रिजमध्ये. अंड्यांच्या शेजारी. भरलेलं. आणि ते भरलं कुणी, हे त्यांना आठवत नाही."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "उकडलेलं का कच्चं?" आणि हसण्याचा असा लोंढा आला की अध्यक्षांना टेबल बडवावं लागलं.

दादा हसला नाही, रागावलाही नाही. रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने हाक मारल्यावर बघावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं. मग उठून तो बाहेर निघाला. दार आत ओढायचं होतं आणि तो ते बाहेर ढकलत राहिला. शेवटी शिपायाने येऊन उघडून दिलं. तेव्हासुद्धा लोक हसत होते. उरलेलं भाषण बारकीने केलं, चांगलं केलं. खाली उतरल्यावर बाईंनी तिला मिठी मारली.

पुढच्या रविवारी दादा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिने फोन केला की तो आवाज ऐकून ठेवून द्यायचा. "येईल आपोआप," ती नवऱ्याला म्हणाली. "तोंडावर पडलाय म्हणून रुसलाय."

"तू पाडलंस," नवरा म्हणाला. तेवढंच.

तो मात्र दादाकडे जात राहिला. दुकान लवकर बंद करून पत्ते खेळायला जायचा आणि परत आला की तिने न विचारता सांगायचा. "आज मला दोनदा चहा विचारला. दोनदा केला." "हुकूम काय ते मधेच विसरतो." एकदा म्हणाला, "तुझ्या वहिनीला हाक मारली आज." बारकी ऐकून घ्यायची. तिला कळत होतं. पण सुनावणीचा निकाल आपल्या बाजूने लागणार हे आता नक्की होतं, आणि नियम झाला की दादाला डॉक्टरकडे जावंच लागणार होतं. डॉक्टर बघतील, परवाना जाईल, आपल्याला वाईटपणा घ्यावा लागणार नाही, असा तिने हिशेब केला. बहिणीने करायचं काम तिने नियमावर सोपवलं, आणि नियम अजून झालाही नव्हता.

दादाच्या आरामखुर्चीची स्प्रिंग तुटली होती. ती नीट करायला नवरा एका दुपारी अवजारांची पेटी घेऊन गेला. दादा आतल्या खोलीत झोपला होता. उठवायला नको म्हणून ह्याने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. उन्हामुळे पडदे ओढलेले, खोलीत अर्धवट अंधार. हा खुर्ची उलटी करून तिच्यामागे गुडघ्यावर बसला आणि टोच्याने खिळे उपसू लागला. खिळे उपसल्याचा कुरकुर आवाज आतपर्यंत गेला असावा.

बारकी कामावर होती. एका भाजलेल्या बाईचा हात ती बांधत होती, तेवढ्यात स्ट्रेचर आलं आणि तिला आधी दिसला तो जाड कापडाचा, पुढे खिसे असलेला, सरसाच्या डागांचा एप्रन. तो तिनेच शिवला होता. मग रक्त दिसलं. गोळी मांडीच्या वर, खुब्याजवळ लागली होती. "सिस्टर, तुम्ही बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले. तिने ऐकलं, पण दाब देऊन ठेवलेला हात काढला नाही, आणि शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत ती तशीच स्ट्रेचरबरोबर धावत गेली.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने जे सांगितलं ते बारकी पुढे पुष्कळांना सांगू शकली असती, पण तिने कधीच सांगितलं नाही. गोळी लागल्यावर दादा जवळ आला, त्याला ओळखलं नाही. "हलू नकोस," म्हणाला. मग स्वतःच फोन करून रुग्णवाहिका बोलावली, घरात चोर शिरलाय, त्याला लागलंय, लवकर या. टॉवेल आणून जखमेवर घट्ट दाबून धरला, नोकरीत शिकवलं होतं तसा. आणि सगळा वेळ म्हणत होता, "घाबरू नको रे. येतायत. चोरी करायची पाळी का आली तुझ्यावर?"

"मला त्याने चोर समजून मारलं," नवरा म्हणाला, "आणि चोर समजूनच वाचवलं." आणि त्याला रडू आलं. बारकीने लग्नानंतर त्याला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दोन दिवसांनी फौजदार जबाब घ्यायला आला. तरुण होता, दादाला ओळखत होता. नवऱ्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसला. सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "सिस्टर, एक विचारायला लागतंय. त्यांना विसरायला होतं हे तुम्हाला माहीत होतं. सुनावणीत तुम्हीच बोललात. मग हत्यार त्यांच्याकडून काढून घ्यावं असं घरात कुणाला सुचलं नाही का?"

बारकीने खाटेच्या कडेची पट्टी धरली.

"त्यालाच सुचलं होतं," ती म्हणाली. "घेऊन आला होता माझ्याकडे. पिशवीत घालून. ठेव म्हणाला."

"मग?"

"मी वाद घातला."

फौजदाराला वाटलं, ती आणखी काही सांगेल. तो थांबला. मग त्याने मान खाली घातली आणि ते तसंच लिहून घेतलं.

तो गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "हे कधी झालं?"

"सुनावणीच्या आधी. तुम्ही दुकानात होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने सांगितलं होतं, कुणाला सांगू नको."

"भरल्या सभेत सांगितलंस," तो म्हणाला, "आणि मला नाही सांगितलंस. मी नेलं असतं त्याला. स्कूटरवर मागे बसवून. अर्ध्या तासाचं काम."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. हा माणूस कधी चिडत नाही असं सगळं जग म्हणायचं. पुढचे कितीतरी दिवस तो तिच्याशी पाणी, गोळी, खिडकी एवढ्यापलीकडे बोलला नाही, आणि तिने ते निमूट सोसलं. मग एका सकाळी त्याने आपणहून विचारलं, "दादाला कुणी भेटायला जातं का?" तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा झाला.

दादावर खटला चालला नाही. डॉक्टरांनी तपासलं, आजाराला नाव दिलं, न्यायाधीशांनी रिव्हॉल्व्हर जप्त केलं आणि त्याला वृद्धांच्या निवासात ठेवायला सांगितलं. नगरपालिकेचा नियमही झाला, दाखल्यासकट. विरोधात हात वर करायला फारसं कुणी उरलंच नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. शेजारच्या शहरात तसाच ठराव यायचा होता.

"तुम्ही नुसतं जे घडलं ते सांगा," त्या म्हणाल्या. "ऐकणाऱ्याचं काळीज हलेल. कितीतरी घरं वाचतील, सिस्टर."

वाचलीही असती कदाचित. नियम चांगला होता असं बारकीला तेव्हाही वाटत होतं आणि पुढेही वाटत राहिलं. पण ती म्हणाली, "बाई, ती गोष्ट दादाची आहे. त्याला न विचारता मी ती एकदा वापरली. आता विचारायला गेले तर त्याला समजणार नाही." बाईंना ते पटलं नाही. चहा पिऊन त्या गेल्या.

निवासात ती पहिल्यांदा एकटीच गेली. दादा खिडकीपाशी बसला होता. बारीक झाला होता, दाढी कुणीतरी चांगली केली होती. तिला वाटलं होतं, तो तोंड फिरवेल. तो हसला.

"ये, बारके. आज रविवार का?"

"हो," ती म्हणाली. मंगळवार होता.

तो तिला निवासाचे नियम सांगत बसला. सुरी मागितली तर देत नाहीत, सफरचंदसुद्धा कापून आणतात. मधेच आवाज बारीक करून त्याने विचारलं, "मी तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं ते नीट आहे ना?"

आयुष्यभर तिने ह्या माणसाचा एकही चुकीचा शब्द दुरुस्त केल्याशिवाय सोडला नव्हता.

"नीट आहे," ती म्हणाली.

"कुलपात?"

"कुलपात. गोळ्या वेगळ्या ठेवल्यात."

"शाब्बास. मला वाटलं होतं तू भाषण ठोकशील." आणि तो सुटल्यासारखा मागे टेकला. बाहेर आल्यावर बारकी आवारातल्या बाकावर बसून राहिली. शेवटी एक आया येऊन विचारून गेली, तुम्हाला बरं वाटत नाही का.

नवरा काठी टेकत चालायला लागल्यावर तोही यायचं म्हणाला. तिने नको म्हणून पाहिलं, पण त्याने ऐकलं नाही. पत्त्यांचा जोड खिशात घातला आणि निघाला. लांबलचक पडवीतून काठीचा ठकठक आवाज करत त्याला येताना दादाने पाहिलं आणि भुवया आकसल्या. बारकीने नवऱ्याचं कोपर घट्ट धरलं.

"जावईबापू," दादा म्हणाला, "पायाला काय झालं हो?"

"शिडीवरून पडलो. दुकानात."

"शिडी भिंतीला नीट टेकवली नसेल. खालून कुणी धरायला नको का? एवढं साधं कळत नाही ह्या वयात?" दादा खरोखरच रागावला होता. "तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? ही बडबडते ते ऐकून घ्यायला कोण आहे दुसरं?"

नवरा मोठ्याने हसला. दादाही हसला, आणि त्याने खुर्ची सरकवून मेव्हण्याला जागा करून दिली. पाय ताठ ठेवूनच नवरा हळूहळू खाली टेकला आणि पत्ते पिसायला लागला. दादाने तीन वाट्यांची पानं वाटली, न चुकता, आणि आपली हातात धरून बारकीकडे बघितलं.

"बस की," तो म्हणाला. "उभी का?"

बारकी बसली. तिने पानं उचलली, पण ती दिसायला तिला थोडा वेळ लागला.